जवळ, जवळजवळ आणि क्लोज

परवा आमच्या शाखेत एका पाटीमुळे माझी अब्रू जवळजवळ गेली. 'जवळजवळ' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

त्याचं असं झालं. आमच्या मुख्य कचेरीनं एक रंगीत भित्तिपत्रक पाठवलं होतं. वर एक हसरी बाई आणि खाली मजकूर, 'आम्ही सदैव तुमच्या क्लोज!' मुख्य कचेरीत मराठी अशीच लिहितात. शिपायानं ते नेमकं माझ्या खिडकीच्या काचेवर चिकटवलं. त्याच्या खाली माझी नेहमीची पाटी होती, 'काउंटर क्लोज्ड'. मी आत बसून कालचा हिशेब जुळवत होतो. तेवढ्यात आमच्या अवसरी बुद्रुकचे निवृत्त गुरुजी पेन्शनीसाठी मंचरला आले ते थेट माझ्या खिडकीशी. त्यांनी चष्मा वर केला, वरची ओळ वाचली. चष्मा खाली केला, खालची वाचली. मग साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय रे, तुम्ही आमच्या क्लोज आहात, की आम्हाला क्लोज आहात?"

रांग हसली. शाखाधिकारीही हसले, आणि ते सहसा फक्त तिमाहीच्या शेवटी हसतात.

"गुरुजी, वरचा क्लोज वेगळा, खालचा वेगळा," मी सारवासारव केली.

"वेगळा कसा? स्पेलिंग एकच. पाचवीत तुझ्याकडून मीच घोकून घेतलंय. जवळ आणि बंद ह्या दोन गोष्टी एका शब्दात कशा नांदतात, ते शोधून ठेव. पुढच्या पेन्शनीला विचारीन."

आता मी पडलो बी. कॉम. आमच्या शिक्षणात शब्दाला किंमत नसते, आकड्याला असते. भाषेशी माझा संबंध 'आपला विश्वासू' ह्यापलीकडे कधी गेला नाही. पण गुरुजींचा गृहपाठ चुकवण्याची हिंमत पंचेचाळिशीतही होत नाही. शेवटी मी माझ्या धंद्याचीच रीत वापरली. शब्द म्हणजे एक खातंच की! आज त्यात काय शिल्लक आहे ते सगळे बघतात. पण पहिली रक्कम कुणी भरली, मध्ये कुणी काय जमा केलं, काय उचललं, हे कळायला जुनी लेजरं काढावी लागतात. मी कोशांची लेजरं काढली.

'क्लोज'च्या खात्यावरची पहिली जमा लॅटिन भाषेची आहे. तिथे 'क्लाउदेरे' म्हणजे बंद करणं. त्यावरून फ्रेंचांनी 'क्लो' केला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे दोन-तीन शतकं तिथल्या दरबारात नि कचेऱ्यांत फ्रेंच भाषेचा रुबाब राहिला. आपल्याकडे फारसीचा होता तसाच. त्या वरातीतून हा शब्द इंग्रजीत उतरला. मूळ अर्थ कुंपण घातलेला, बंदिस्त. करारातला 'क्लॉज', कपड्यांचं 'क्लॉजेट', मठातलं बंदिस्त आवार म्हणजे 'क्लॉइस्टर', ही सगळी ह्याच घरातली भावंडं. मग ह्या कुलूपबंद घराण्यात 'जवळ' हा अर्थ कुठून शिरला?

तर दाराच्या फटीतून. दार लावताना दोन फळ्यांमधली फट कमी कमी होत जाते. फट संपली की दार बंद झालं. आणि फट संपली म्हणजेच फळ्या एकमेकींना भिडल्या. एकाच क्षणाला आतला माणूस 'बंद' म्हणतो आणि फळी म्हणते 'जवळ'. इंग्रज निदान उच्चारात फरक ठेवतो. बंद करायचं असेल तर तो 'क्लोझ' म्हणतो, जवळ असेल तर 'क्लोस'. आपण दोघांनाही 'क्लोज' म्हणून एका खात्यात टाकलं, आणि माझी रांगेत शोभा झाली.

मला मात्र ह्यातून एक उलगडा झाला. क्लोज फ्रेंड म्हणजे दार लावून आत घेतलेला मित्र. म्हणजे ह्या जवळिकीत कुणीतरी आत असतो आणि बाकीचे सगळे बाहेर. आमच्या साहेबांच्या क्लोज कोण आहे, हे त्यांच्या केबिनचं दार बंद झाल्यावरच का कळतं, त्याचं मूळ थेट लॅटिनमध्ये आहे.

मग म्हटलं, आता लेजरं उघडलीच आहेत, तर ह्याच्या शेजारचं खातंही तपासून टाकू. ते 'नियर'चं.

हा शब्द परका नव्हे, इंग्रजांच्या घरचा. पण त्याची गंमत अशी, की तो मुळात 'जवळ' नव्हताच. जुन्या इंग्रजीत साध्या जवळला 'नाय' म्हणत. त्यापेक्षा अधिक जवळ तो 'नियर' आणि सगळ्यांत जवळ तो 'नेक्स्ट'. पुढे समुद्रापलीकडून व्हायकिंग येऊन इंग्लंडात स्थायिक झाले. त्यांच्या नॉर्स भाषेत ह्याच कुळीतला शब्द साध्या जवळसाठीही चाले. त्या संगतीत 'नियर'नं साध्या जवळची खुर्ची बळकावली आणि बिचारा 'नाय' कवितेपुरता उरला. मग अधिक जवळ कसं म्हणायचं? इंग्रजांनी 'नियर'लाच आणखी शेपूट लावून 'नियरर' आणि 'नियरेस्ट' केलं. बँकेतल्या माणसाला हे चटकन समजतं. महागाई भत्ता मूळ पगारात विलीन करायचा आणि त्या पगारावर पुन्हा महागाई भत्ता सुरू करायचा, तसंच हे. आपण तरी कुठे मागे आहोत? आपणही पिवळा पीतांबर नेसतो आणि गाईचं गोमूत्र शिंपडतो.

म्हणजे 'नियर' म्हटलं की ते 'कशापेक्षा तरी' जवळ असतं. इंग्रज ते 'कशापेक्षा' विसरून गेला. पण मी अवसरी बुद्रुकचा. मला ते विसरून कसं चालेल?

कारण आमच्या गावाचं नावच तुलनेवर उभं आहे. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात अवसऱ्या दोन. एक बुद्रुक, एक खुर्द. फारसीतल्या 'बुजुर्ग'चा झाला बुद्रुक, म्हणजे थोरला. खुर्द म्हणजे धाकला. कर्व्यांचं हिंगणेसुद्धा नुसतं हिंगणे नव्हे, हिंगणे बुद्रुक. जगात एकटा बुद्रुक असूच शकत नाही. शेजारी खुर्द असला तरच बुद्रुक. आणि २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय झालं ते कुठे? खुर्दला. तेव्हापासून पुण्यात 'मी अवसरीचा' म्हणालो की पोरं विचारतात, "कॉलेजवाली का?" मी थोरपणानं म्हणतो, "नाही, तिच्या जवळची." थोरल्यानं धाकट्याच्या आधारानं पत्ता सांगायचा, ह्याला म्हणतात काळाचा महिमा.

बाकी आमच्याकडे जवळ म्हणजे किती, हे परक्यानं विचारू नये. "हे काय, इथंच. त्या लिंबापल्याड," असं म्हातारा सांगतो. लिंब दिसतो, पण त्यापल्याड आणखी चार लिंब आहेत हे चालायला लागल्यावर कळतं. आमची माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांच्या हिशेबी पंचक्रोशी म्हणजे परसदार.

'नियर'च्या खात्यात आणखी एक नोंद सापडली ती मात्र आमच्या बँकेच्या उपयोगाची. इंग्रजीत 'नियर' आणि 'क्लोज' ह्या दोन्ही शब्दांचा एक जुना अर्थ 'चिक्कू' असा आहे. पैसा सोडवत नाही, जवळ धरून बसतो, तो नियर. डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' ही कादंबरी १८५० साली पूर्ण झाली. तिच्यातली पेगॉटी आपल्या नवऱ्याला चिक्कू म्हणत नाही. ती पतिव्रता, म्हणून 'नियर' एवढंच म्हणते. हा बार्किस गाडीवान पलंगाखालच्या पेटीत पैसे ठेवी आणि आत जुने कपडे आहेत म्हणून सांगे. मेला तेव्हा जवळजवळ तीन हजार पौंड निघाले. हे वाचून माझ्यातला कारकून हळहळला. केवढी मुदत ठेव हातची गेली!

मुदत ठेवीवरून आठवलं. बी. कॉम.ला आम्हाला 'नियर मनी' नावाचा एक प्रकार होता. खिशातली नोट म्हणजे मनी. मुदत ठेव, सरकारी हुंडी, म्हणजे लगेच नोट नव्हे पण थोड्या खटपटीनं नोट होऊ शकते, ती नियर मनी. परीक्षेत ह्यावर टीप आली होती, ती मी उत्तम लिहिली. पुढे संसारात पडल्यावर कळलं की महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर माझ्याजवळ मनी नसतो आणि नियर मनीवर घरात आधीच चर्चा झालेली असते.

'माझ्याजवळ मनी नसतो.' हे वाक्य लिहिलं आणि थबकलो. आपली मराठी काय करते बघा! इंग्रजाला पैसे 'असावे' लागतात, आपल्याला ते नुसते 'जवळ' असले तरी पुरतात. त्याच्याजवळ गाडी आहे, तिच्याजवळ दागिने आहेत, गुरुजींजवळ उत्तर आहे. आपल्या भाषेत जे जवळ, ते आपलं. मालकीचा कागद नंतर. माणसालासुद्धा आपण जवळ करतो, आणि एकदा 'जवळचा' म्हटला की तो नात्याचा झाला.

पण हाच शब्द दोनदा म्हटला की काय होतं? जवळजवळ! साधं गणित सांगतं की दुप्पट जवळ यायला हवं. प्रत्यक्षात सगळंच हातचं जातं. "तुमचं काम जवळजवळ झालंय" असं कचेरीतला माणूस म्हणाला की समजावं, अजून तीन चकरा. "लग्न जवळजवळ ठरलं" म्हणजे मुलाकडच्यांचा फोन आलेला नाही. इंग्रजाचंही तेच. 'नियर'ला शेपूट लावून 'नियरली' केलं की हाताला काही लागत नाही. एकदा जवळ म्हणजे आपलं, दोनदा जवळ म्हणजे हुकलं. अती जवळीक दाखवणाऱ्यांबद्दल आपल्या पूर्वजांना काहीतरी माहीत असलं पाहिजे.

इथवर सगळा गृहपाठ मजेत चालला होता. मग मी 'नेबर' ह्या शब्दापाशी आलो. शेजाऱ्याला इंग्रजीत नेबर म्हणतात हे मलाही ठाऊक होतं. पण त्याची फोड अशी निघाली: पहिला भाग तोच आपला जुना 'नाय', म्हणजे जवळ. दुसरा भाग 'गेबूर', म्हणजे तिथे राहणारा, शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी ह्याच कुळीतले. म्हणजे नेबर हा मुळात फ्लॅटच्या समोरच्या दारातला, लिफ्टमध्ये मान हलवणारा गृहस्थ नव्हे. जवळचा शेतकरी तो नेबर. आपल्या भाषेत बांधकरी. बांधाला बांध लागलेला.

आणि मला एकदम तात्या दिसले.

तात्या आमचे पूर्वेचे. हे पूर्वेचे म्हणजे काय, ते ज्यानं खरेदीखत किंवा गहाणखत पाहिलंय त्याला कळेल. त्यात जमिनीची चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस तमक्याची, दक्षिणेस ओढा, उत्तरेस रस्ता. बँकेत अशा शेकडो चतुःसीमा मी तपासल्या आहेत. नीट पाहिलं तर तुमची जमीन कोणती हे कागद सांगतच नाही, तुमच्या जवळ कोण कोण आहे ते सांगतो. मधे उरतं ते तुमचं. तर आमच्या कागदावर पूर्वेस तात्या. ह्या तात्यांचं नि आमच्या वडिलांचं बांधावरून तीस वर्षं वाकडं होतं. वाद एका विताचा. वडील म्हणत, बांध तात्यानं कोरला. तात्या म्हणत, बांध अण्णानं सरकवला. मोजणी दोनदा झाली. मोजणीचा आणि तालुक्याला घातलेल्या खेपांचा खर्च मी एकदा हिशेबाला घेतला, तर तेवढ्यात दुसरीकडे गुंठाभर जमीन आली असती. वडील गेले तेव्हा तात्या खांदा द्यायला आले, आणि तेराव्यानंतर पुन्हा बोलेनासे झाले.

मी मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड भोसरीला केलं. नोकरी मंचरला. दिवसभर आईच्या जवळ, रात्री पोरांच्या जवळ. मधे पन्नासेक किलोमीटर नाशिक रस्ता, आणि त्यावर चाकण. आई म्हणे, "तुझं काय, जवळच तर हाय." तिच्या पंचक्रोशीत भोसरीही बसत असे.

गेल्या थंडीत एका रात्री गोठ्यात आईचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. आमच्याकडे शेताला वीज रात्रीची येते. तात्या कांद्याला पाणी द्यायला बांधावर होते, एका हातात बॅटरी, एका हातात काठी, कारण आमच्या भागात हल्ली उसातला बिबट्या हाही एक बांधकरीच झाला आहे. त्यांनी हाक ऐकली. तो वितीचा बांध ओलांडून आले. आईला घोंगडीत घालून, कुणाचीतरी पिकअप उठवून मंचरच्या दवाखान्यात नेलं. मला फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. मी निघालो आणि चाकणला कंटेनरांच्या मागे उभा राहिलो. आयुष्यात इतका वेळ मी कशाच्याही इतक्या जवळ राहून इतका लांब नव्हतो.

पोचलो तेव्हा आई झोपली होती. उशाशी तात्या. खाटेला लावलेला कागद मी सवयीनं वाचला. 'जवळचे नातेवाईक' ह्या रकान्यात तात्यांचं नाव, आणि नात्याच्या जागी आधी लिहिलेलं 'शेजारी' खोडून 'भाऊ' केलेलं.

"ती पोरगी म्हणली, शेजारी चालत न्हाई, नात्यातलं पायजे," तात्या ओशाळून म्हणाले. "मग म्हणलं, लिव्ह भाऊ."

नोकरीत मी हजारो खाडाखोडी पाहिल्या. एवढी बरोबर जुळलेली एकही नाही. फक्त त्या रकान्यात माझं नाव नव्हतं, आणि त्याला मी सोडून कुणीही जबाबदार नव्हतं.

आई हिंडूफिरू लागली, काठीनं का होईना. मग एक दिवस म्हणाली, "माझ्या ठेवीवर नाव लावायचं ऱ्हायलंय न्हवं?" बँकेच्या ठेवीवर नाव नेमण्याचे नियम १९८५ पासून आहेत. पूर्वी एकाच माणसाचं नाव चाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नेमता येतात, आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. बेरीज शंभर आली पाहिजे. हे मी आईला समजावून सांगितलं आणि तिथेच चुकलो.

"मग तुला पंचेचाळीस, ताईला पंचेचाळीस," आई म्हणाली, "आणि धा तात्याला."

मी दहा टक्क्यांनी दूर झालो. रकमेचं काही नाही, पण कुठेतरी टोचलं. मी कायदा काढला. म्हटलं, "आई, नाव नेमलेला माणूस म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीनं पैसे नुसते ताब्यात घेतो. पुढे ते वारसांना पोचवायचे असतात."

"मग घेऊ दे की," आई म्हणाली. "मला मंचरला पोचवलं त्यानं. तुमचे पैसे न्हाई व्हय पोचवायचा?"

ह्यावर बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

फॉर्म माझ्याच शाखेत भरला. साहेबांनी वाचला आणि बोट ठेवलं. "नात्याच्या रकान्यात 'शेजारी'? हे काय नातं झालं?"

"रकान्याचं नाव पुरतं वाचा, साहेब," मी म्हणालो. "'ठेवीदाराशी नाते, असल्यास' असं छापलंय. कायद्यानंच जागा सोडून ठेवलीय."

पेन्शनीचा दिवस आला. गुरुजी खिडकीशी आले. "गृहपाठ?"

"झाला, गुरुजी. क्लोज म्हणजे दार लावून जवळ. नियर म्हणजे बांधाला बांध लागून जवळ. पहिल्यात बाकीचे बाहेर राहतात. दुसऱ्यात भांडण राहतं, पण हाक ऐकू येते."

गुरुजींनी थोडा वेळ चष्मा पुसला. "दहापैकी आठ," ते म्हणाले. "दोन त्या पाटीचे कापले. आधी ती काढ." मी पाटी काढली. भित्तिपत्रक मात्र मुख्य कचेरीचं, त्याला हात लावता येत नाही.

त्या रविवारी तात्यांच्या घरी जाऊन फॉर्मची पोचपावती दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली, डोळ्यांपासून लांब धरून पाहिली, नीट घडी करून खिशात ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घसा खाकरून म्हणाले, "ते समदं ठीक हाय. पर बांध तुमचाच इकडं सरकलाय. वीतभर. जवळजवळ."